पेटीच्या झाकणावर 'रोत्सा'

मी एक जुनी लष्करी पेटी आहे. गंजले आहे, पण वाकलेली नाही, मित्रांनो!

कराडच्या एका पत्रेवाल्याने मला ठोकून ठोकून घडवलं. उंब्रजजवळच्या गावातले लालासाहेब फौजेत निघाले, तेव्हा मीही त्यांच्याबरोबर निघाले. बर्फ पाहिला, वाळवंट पाहिलं. ते मला असं पुसत की माझ्यात त्यांचा चेहरा दिसे. पेन्शन झाली अन् माझ्यात ज्वारी भरली. पुढे ज्वारीही प्लास्टिकच्या पिंपात गेली. मी सोप्यात, ओसरीच्या कोपऱ्यात, नुसती पडून राहिले.

गेल्या साली त्यांच्या लेकीने, राजेश्वरीने, माझं झाकण उघडून भिंतीला टेकवलं. ती सांगलीला नर्सिंग शिकलेली. इस्रायलमध्ये म्हाताऱ्या माणसांची देखभाल करायची नोकरी तिला हवी होती, म्हणून ती मोबाइलवर तिथली हिब्रू भाषा शिकू लागली. झाकणाच्या आतल्या काळ्या रंगावर तिने खडूने एक क्रियापद लिहिलं. अर्थ, हवं असणं. पुरुष म्हणतो 'रोत्से', बाई म्हणते 'रोत्सा'. नको असेल तर आधी 'लो' लावायचं.

सराव आबांवरच, म्हणजे लालासाहेबांवर.

"आबा, अता रोत्से मायिम?"

"काय गं, बापाला शिव्या देतीस व्हय?"

"पाणी पायजे का, इचारतीया."

"न्हाई पायजे."

"मग 'लो रोत्से' म्हना."

आठवड्याभरात कारल्याची भाजी दिसली की लालासाहेब गरजायचे, "लो रोत्से!" शेजारच्या मनुबाई हसून हसून दाराला टेकायच्या.

एकदा मोबाइलवरच्या शिक्षिका म्हणाल्या, "रोज दुसऱ्यांनाच विचारतेस. तुला काय हवंय ते सांग." राजेश्वरीच्या तोंडून निघालं, 'काही नको.' आमच्याकडे जेवताना बाईला काही वाढू का विचारलं, तर ती 'असू द्या' म्हणते. तीच सवय जिभेला.

त्या संध्याकाळी ती आबांसमोर उभी राहिली. "अनी रोत्सा. मला जायचंय."

लालासाहेबांनी माझं झाकण धाडकन आपटलं. माझी कडी तुटली.

"तिकडं लढाई हाय! जायचं न्हाई."

"तुमी तर लढाईलाच गेलता की. आजीला इचारून गेलता?"

"म्या गडी हाय."

"आन मी नर्स हाय. माणूस पडलंय तिथंच नर्स लागती."

"मी सोडाय येनार न्हाई, सांगून ठेवतो."

"नगा येऊ. मी जानार."

आणि ती गेली. लालासाहेब खरोखरच स्टँडवर गेले नाहीत. तिचे फोनही उचलेनात. महिन्याने मात्र त्यांनी आपणहून फोन लावला. माझ्यावर बसूनच. घसा खाकरून एवढंच विचारलं, "तुजं तिकडचं म्हातारं जेवलं का गं?"

मित्रांनो, मला तेल लावा, गंज काढा, ते तर कराच. वस्तूला मागता येत नाही, तिची निगा न मागता ठेवावी. पण घरात जिला बोलता येतं, तिला काय हवंय ते विचारत जा. उत्तर आवडलं नाही, तरी पुरतं ऐकून घ्या. नाहीतर ती न सांगता जाईल, अन् तेव्हा तुम्ही कुणावर रागवाल?