बंद इंजिनाचा उतार

पहिला चाबूक कानशिलावर बसला तेव्हा मानसिंगच्या हातात अजून स्टिअरिंग होतं. दुसऱ्या फटक्याला लोकांनी त्याला केबिनमधून खाली ओढला. अपघात झाला की आधी ड्रायव्हरला बडवायचं आणि मग काय झालं ते विचारायचं, एवढी शिस्त त्या काळी वेल्ह्याच्या रस्त्यावर सगळे पाळत.

झालं होतं ते असं. कोळशाची पोती भरून ट्रक नसरापूरला निघाला होता. उतार लागला की इंजिन बंद करून गाडी नुसती सोडून द्यायची, ही मानसिंगची कला. डिझेल वाचतं म्हणून मालकाने दसऱ्याला त्याला चार माणसांत फेटा बांधला होता. ब्रेकला जोर इंजिनच पुरवतं, हे मानसिंगला ठाऊक नव्हतं असं नाही. पण सत्कार झाला की ठाऊक असलेल्या बऱ्याच गोष्टी माणूस विसरतो. साठलेल्या जोरावर ब्रेक दोनदा लागला. तिसऱ्यांदा पॅडल दगड झालं. गिअरही पडेना. क्लिनर गेनबा, मानसिंगचा मेहुणा, चाकाखाली घालायचा लाकडी ठोकळा घेऊन धावत्या गाडीतून उतरला. चाकाने ठोकळा उडवला. समोरून येणाऱ्या सोनबाच्या बैलगाडीचा एक बैल चिरडला. शेजारून धावणाऱ्या गेनबाने उडालेला ठोकळा उचलून पुन्हा मागच्या चाकाखाली घातला, आणि बांधाला थडकून ट्रक थांबला तो त्याच्या पायावर.

माणसांनी आधी बैल मेल्याची खात्री करून घेतली, मग मानसिंगला धरलं. काठ्या, जोडे, लाथा. एकाने विळा खाली ठेवून नुसत्या मुठीने दोन दात पाडले. तेवढा सभ्यपणा होता. कोळशाने काळ्या झालेल्या तोंडातून रक्त नेमकं कुठून येतंय, ते मारणाऱ्यांनाही कळेना. त्या गलक्यात मागच्या चाकापाशी कोण ओरडतंय हे पाहायला कुणाला सवड नव्हती. ओरडणं थांबलं तेव्हा कुठे माना वळल्या.

"दाजींना मारा," गेनबा म्हणाला, "पर हातपाय ठिवा त्यांचं. ही गाडी माज्यावरनं दुसरं कोन काढनार हाय हितं?"

मोटार हाकणारा त्या गर्दीत एकही नव्हता. ज्यांनी ओढला त्यांनीच मानसिंगला उचलून सीटवर बसवला. एकाने त्याच्या डोळ्यांतलं रक्त आपल्या मुंडाशाने पुसलं.

इंजिन सुरू झालं. ट्रक हातभर मागे सरला. मानसिंगने ब्रेक दाबला. आता तो पाय ठेवताच लागला. गेनबा सुटला, पण गुडघ्याखाली पाय म्हणावं असं काही उरलं नव्हतं. तोवर दबलेल्या रेडिएटरमध्ये पंखा घुसला आणि इंजिन कायमचं गप्प झालं.

कुणीतरी धोतर फाडून गेनबाची मांडी आवळली. त्याला बैलगाडीत निजवलं. मानसिंग खाली उतरला आणि राहिलेला मार खायला सोनबापुढे उभा राहिला.

सोनबाने चाबूक उचलला, गाडीकडे पाहिलं, आणि जुवाची रिकामी बाजू दाखवली.

"हो तिथं उबा."

मानसिंगने जू मानेवर घेतलं. शेजारी उरलेला बैल फुरफुरत होता. दवाखाना नसरापूरला, आणि तिथवर सगळा उतार. गाडी मागून रेटू लागली तशा त्याने टाचा मातीत रोवल्या आणि मेहुण्याचं ओझं पावलागणिक मानेवर थोपवत तो खाली उतरू लागला.