पांढरा की निळा?

नवरा पाळीवरून घरी आला, की सून त्याचे कामाचे कपडे मागल्या अंगणात नेऊन दाणदाण झटकायची. पोटात सातवा महिना, तरी यात खंड नाही. आधी झटकले की साबण कमी लागतो, ही सासूचीच शिकवण. सासूनंही आधी नवऱ्याचे, मग मुलाचे कपडे जन्मभर असेच झटकले होते. ॲस्बेस्टॉसच्या पत्र्यांचा तो कारखाना. धूळ पिठासारखी उडायची. कपडे घरच्या बायकांनीच धुवायचे, हा तिथला रिवाज. एवढा अवाढव्य कारखाना, पण धुण्याची सोय करावी असं कुणाच्या मनात आलं नाही.

आता सासूनं खाट धरली होती. फुफ्फुसाच्या आवरणाचा कॅन्सर. आणि तोही कारखान्याची पायरी न चढलेल्या बाईला!

मुलगा दुपारी घरी येऊन, कपडे बदलून आईच्या आजाराच्या भरपाईच्या सुनावणीला गेला होता. संध्याकाळी परतला तो जरा हलका होऊनच.

"आई, मोठमोठे तज्ज्ञ आले होते. एक म्हणाला, ॲस्बेस्टॉसचा पांढरा तंतू मऊ असतो, शरीरात विरून जातो. वाईट तो निळा. आपल्याकडं पांढराच असतो."

"आणि दुसरा?"

"तो म्हणाला, सगळेच घातक. मग जी जुंपली दोघांची! सुनावणी घेणारे साहेब म्हणाले, आधी तुमचं एकमत होऊ द्या."

घोंगडं पुन्हा भिजत पडलं. मुलाला पांढऱ्यावर विश्वास ठेवणं भागच होतं. सकाळी त्याच धुळीत उभं राहायचं होतं.

"मग माझ्या छातीत कुठला गेलाय रे?"

"ते आत्ता कसं कळणार? ते मेल्यावर..." त्यानं जीभ चावली.

"मेल्यावर बघतात होय? बघा मग. पण तोवर हे कपडे घरात नकोत."

"मग काय करू, आई? नोकरीवर लाथ मारू?"

ती उठली, भिंत धरत अंगणात गेली आणि सुनेनं आत्ता झटकायला घेतलेले दुपारचे कपडे तिच्या हातातून ओढून घेतले.

"तू आत जा. माझं व्हायचं ते झालंय. यापुढं मीच धुणार."

तिनं सदरा न झटकताच बादलीत बुडवला. पण भिजलेला सदरा तिला उचलवेना. धाप लागून ती मटकन खाली बसली. या पोरीला झटकायला आपणच शिकवलं, या विचारानं तिला रडू कोसळलं.

"उठा आई, मी करते," म्हणत सुनेनं सदरा पिळायला घेतला. बाकीचे कपडे अजून कोरडेच, धुळीनं भरलेले होते.

विद्वानांचा वाद चालू आहे, खुशाल चालू दे. पण त्यांचं एकमत होईपर्यंत त्या पोरीनं श्वास घ्यायचा की नाही, एवढं तरी कुणी विचाराल का?