कॉफीची वेळ

खुदारहमने पडदा बोटभर बाजूला सारला आणि आत डोकावून पाहिलं. हाजी अबुतालिब काझरूनी खुर्चीच्या अगदी कडेवर बसले होते, दोन्ही तळवे गुडघ्यांवर टेकवून. इराणच्या बुशेर बंदरातला एवढा मोठा तंबाखूचा व्यापारी, पण आज अवघडून बसला होता. समोर नवे इंग्रज कॉन्सल साहेब आपल्या पुस्तकी फारसीत त्यांच्या तब्येतीची चौकशी करत होते. हाजींना येऊन पुरती पाच मिनिटंही झाली नव्हती, तोच आतून घंटी वाजली.

"कॉफी," साहेब म्हणाले. "पाहुण्यांसाठी कॉफी आण."

खुदारहम कोठीत परत आला. समोवारात चहा तयार होता, पेले पुसून ठेवलेले होते. शेगडीच्या कडेला कॉफीचं पितळी भांडंही होतं, पण ते आत्ता न्यायचं नव्हतं हे त्याला झोपेतसुद्धा कळलं असतं. बुशेरच्या कुठल्याही बैठकीत आधी चहा येतो, मग हुक्का, मग पुन्हा चहा, आणि सगळं बोलणं उरकल्यावर कॉफी. ती आली की पाहुण्याने प्यायची, यजमानासाठी दुआ मागायची आणि उठायचं. आता निघा, असं तोंडाने कुणी कुणाला म्हणत नाही. ते काम कॉफी करते. बावीस वर्षं कॉन्सलच्या या घरात हे काम खुदारहमच्या हातून होत आलं होतं. मागचे चार साहेब नुसता चष्मा पुसायला घेत, की हा तबक घेऊन दारात हजर.

पाचव्या साहेबाला मस्कतहून येऊन जेमतेम तीन आठवडे झाले होते. तिकडे अरबांच्या किनाऱ्यावर पाहुणा टेकतो न टेकतो तोच कॉफी पुढे करतात आणि त्यातच त्याचा मान असतो. साहेब ते तिथे शिकले होते आणि शिकलेलं मन लावून पाळत होते. आतापर्यंत भेटीला आलेले बहुतेक जण जहाजांचे कप्तान नाहीतर पलीकडचे अरब, म्हणून निभावून गेलं होतं.

चहाचं तबक उचलायचं आणि आत न्यायचं, एवढंच करायचं होतं. साहेबांनी विचारलं असतं तर मुन्शींकडून त्यांना समजावून सांगता आलं असतं.

खुदारहमने चहाच्या पेल्याला हात लावला, आणि नेमकी त्याला हाजींच्या घरची मोहर्रमची बैठक आठवली. दीड वर्ष होऊन गेलं होतं त्याला. तेव्हा खुदारहम चार महिने पायपीट करून मशहदची यात्रा करून आला होता आणि जन्मात पहिल्यांदाच लोक त्याला मश्दी म्हणू लागले होते. त्या भरात तो बैठकीत मधल्या रांगेत जाऊन बसला. हाजींनी वरच्या गादीवरून त्याच्याकडे पाहिलं आणि हसत म्हणाले, "मश्दी, जरा खाली सरका. दारापाशी बसलात तर किटली हाताशी राहील."

सगळी बैठक हसली. खुदारहमही हसला आणि उठून चपलांपाशी जाऊन बसला. हाजींच्या मनात काही वाईट नव्हतं, संध्याकाळपर्यंत ते विसरूनही गेले असतील. खुदारहम मात्र विसरला नव्हता. मनात बसलेली ती गाठ सुटायचं नाव घेत नव्हती.

त्याने चहाचा पेला होता तिथे ठेवला आणि कॉफी ओतली. साहेबांनी कॉफीच मागितली होती ना. हुकुमाचा ताबेदार माणूस, आपल्या पदरचं काय घालतो त्यात?

तो आत गेला तेव्हा हाजी म्हणत होते, "साहेब, आज मी आलो ते एका..."

तबक पाहून ते थांबले. त्यांनी आधी कपाकडे पाहिलं, मग साहेबांकडे. साहेब प्रसन्न हसले आणि त्यांनी हाताने 'घ्या ना' अशी खूण केली. खुदारहमने तबक पुढे केलं. त्याचा हात थरथरत होता, कप एकमेकांवर किणकिणत होते. हाजींची नजर क्षणभर त्या हातावर थांबली. मग त्यांनी कप उचलला, तीन घोटांत रिकामा केला आणि उठून छातीवर हात ठेवला.

"आपली सावली कधी कमी न होवो, साहेब."

"पुन्हा या," साहेब गोंधळून म्हणाले. ही पुस्तकातली ओळ होती, सगळ्यांना निरोप देताना म्हणायची.

हाजी जिना उतरून गेले. साहेब सज्ज्यातून त्यांच्या पाठमोऱ्या झग्याकडे बघत राहिले.

"काहीतरी काम घेऊन आल्यासारखे वाटत होते," ते खुदारहमला म्हणाले. "मी तर सकाळभर मोकळाच होतो. एवढ्यात का गेले?"

"ऊन वाढायच्या आत घरी जायचं असेल, साहेब," खुदारहम कप उचलत म्हणाला.

दुपारी घरी आला तो शीळ वाजवत. गुलअंदामने त्याच्यापुढे भाकरी आणि खजूर ठेवला आणि ती समोर बसली.

"हाजींच्या मुलाला, लुत्फअलीला धरलंय, कळलं का? पाणी आणायला गेले तेव्हा सगळ्या बायका तेच बोलत होत्या. गव्हर्नरच्या माणसानं बाजारात आईवरून शिवी दिली, यानं दिली एक ठेवून. उद्या पहाटे बेड्या घालून शिराझला नेणार आहेत. या उन्हात डोंगर चढून. बावीस वर्षांचं पोर ते."

खुदारहमचा घास हातातच राहिला.

"हाजी तुमच्या साहेबाकडेच गेले होते म्हणतात. साहेबाची चिठ्ठी गेली असती तर गव्हर्नर गप बसला असता. पण फिरंग्यानं कॉफी पाजून वाटेला लावलं. आईबाप आहेत का नाहीत त्याला?"

खुदारहमने तिला सगळं सांगितलं. मोहर्रमची बैठक तिला ठाऊक होती, पण बाकीचंही त्याने काही हातचं राखलं नाही.

"मग अजून बसलात काय? उठा. साहेबाला सांगा."

"साहेब सब्जाबादच्या बंगल्यावर गेला. उद्याच येणार."

"दोन कोसांवर तर आहे. गाढव दारात उभं आहे."

"आणि सांगू काय? की तुझा हुकूम पाळला तेच चुकलं? बावीस वर्षांची नोकरी आहे, गुलअंदाम." मग आवाज उतरवून तो म्हणाला, "हाजींची ओळख तेहरानपर्यंत आहे. मुल्ला आहेत, तार ऑफिस आहे. त्यांना काय, सतरा दारं. माझ्यावाचून अडणार आहे होय त्यांचं?"

गाढव संध्याकाळपर्यंत दारातच उभं होतं.

लुत्फअलीला पहाटे नेलं. नवव्या दिवशी खेचरवाल्यांनी खबर आणली, की तो शिराझला पोचलाच नाही. वाटेतल्या दालकीच्या मुक्कामात ताप चढला आणि दुसऱ्या दिवशी दुपारी संपला. बेड्या नंतर काढल्या म्हणाले.

हाजी भेटून गेले त्याच्या दुसऱ्या दिवसापासून खुदारहम प्रत्येक पाहुण्यासाठी आधी चहाच नेऊ लागला होता. साहेब कॉफी म्हणाले तरी चहाच न्यायचा. साहेबांनी एकदाही टोकलं नाही, त्यांच्या ते ध्यानातही आलं नाही. इतकं ते सोपं होतं. त्या सोपेपणानेच खुदारहमला अन्न गोड लागेनासं झालं.

मग तो वाटेने जाता-येता स्वतःशीच भांडू लागला. हाजींना जीभ नव्हती का? पोटचा मुलगा कोठडीत, आणि तुम्ही कॉफीच्या कपाकडे बघून उठता? कप खाली ठेवायचा आणि म्हणायचं, साहेब, माझा मुलगा वाचवा. कुणी तोंड धरलं होतं? बाप असून रीत सांभाळत बसलात, तर त्याला मी काय करू? असं म्हटलं की दोन पावलं बरं वाटे. तिसऱ्या पावलाला पुन्हा तेच.

लुत्फअलीच्या दुखवट्याच्या चाळिसाव्या दिवशी गुलअंदामने त्याचा धुतलेला अंगरखा काढून ठेवला.

"जा आणि सांगून या," ती म्हणाली. "ते मारतील, शिव्या देतील. देऊ देत."

हाजींच्या दिवाणखान्याचं दार उघडंच होतं. आत काळे कपडे घातलेली माणसं भिंतीला टेकून ओळीने बसली होती, बाहेरही पंधरावीस जण जागा होण्याची वाट पाहत उभे होते. खुदारहम आत गेला आणि दारापाशी, चपलांच्या ढिगाशेजारी बसला. किटली खरंच हाताशी होती.

"मश्दी."

हाजींचा आवाज. चाळीस दिवसांत माणूस निम्मा झाला होता, गळ्याची कातडी लोंबत होती.

"तिथं नाही. वर या. इथं, माझ्याजवळ."

खुदारहम हलेना, तेव्हा हाजी स्वतःच उठू लागले. मग नाइलाज झाला. तो सगळ्या रांगेसमोरून वर गेला. अफूचा मोठा आडत्या पाय आवरून सरकला आणि खुदारहम वरच्या गादीवर हाजींच्या खांद्याला खांदा लावून बसला. कुणी हसलं नाही.

हाजी त्याच्या कानाशी वाकले.

"त्या दिवशी तुमचा हात थरथरत होता," ते म्हणाले. "फिरंग्यानं मला तोंड उघडू दिलं नाही. त्याला माझं काम आधीच कळलं असणार, त्याची मर्जी. पण तुमच्या जिवाला ते लागलं, मी डोळ्यांनी पाहिलं. घरी येऊन लुत्फअलीच्या आईला एवढंच सांगितलं, की त्या घरात एक तरी माणूस आहे. फार आधार वाटला हो तिला."

दिवाणखान्याच्या दुसऱ्या टोकाला माणसं हळू आवाजात कुराण वाचत होती.

"हाजी," तो म्हणाला, "मला तुम्हाला काही सांगायचंय. त्या दिवशी..."

तेवढ्यात तबक आलं. मानाच्या जागी बसलेला, म्हणून पहिला कप त्याचाच. काळी, बिनसाखरेची कॉफी. ती प्यायची, गेलेल्यासाठी फातिहा म्हणायची आणि दारात उभ्या असलेल्यांना जागा करून द्यायची.

त्याने कप घेतला.

"सांगा ना," हाजी म्हणाले. ते मान वळवून त्याच्याकडे पाहत होते, डोळे ओले होते आणि त्यांत नुसता विश्वास होता.

कप खाली ठेवायचा आणि बोलायचं. कुणी तोंड धरलं नव्हतं. दारातली माणसं थांबली असती, हाजी तर थांबलेच होते. समोर वीस माणसांची रांग होती. रांगेतला जो तो आपापली दुआ पुटपुटत होता, तरी खुदारहमला वाटलं, सगळ्यांची नजर या कपावर आहे. त्याने कप ओठाला लावला. एक घोट झाला, दुसरा झाला. तिसऱ्यात कप रिकामा झाला.

"अल्ला तुम्हाला सबर देवो, हाजी," तो म्हणाला आणि उठला.

हाजींनी त्याचा हात दोन्ही हातांत धरून दाबला आणि सोडला. तो दारापाशी आला तेव्हा त्याच्या चपला कुणीतरी ढिगातून वेगळ्या काढून, बाहेर तोंड करून नीट मांडून ठेवल्या होत्या, मोठ्या माणसांच्या ठेवतात तशा. त्या पायात सरकवायला त्याला फार वेळ लागला.

गुलअंदाम उंबऱ्यातच उभी होती.

"सांगितलंत?"

खुदारहम ओट्यावर टेकला. अंगरख्याला हाजींच्या घरच्या गुलाबपाण्याचा वास येत होता.

"बोलणारच होतो," तो म्हणाला. "तेवढ्यात कॉफी आली."

गुलअंदामने पाण्याची घागर उचलली, दारातलं गाढव सोडलं आणि विहिरीकडे निघून गेली.