रांगेचं शेवटचं टोक

मर्ल हन्सबर्गर मास्तरांनी पहिली सत्तर वर्षं तीन दिवसांत हातावेगळी केली आणि १९९२ सालापाशी येऊन जे अडले ते अडलेच.

काम तसं साधं होतं. आमच्या मतदारसंघाच्या शंभर वर्षांच्या निवडणुका नऊ फलकांवर लिहून वाचनालयाच्या भिंतीवर लावायच्या होत्या. फिलाडेल्फियाच्या या उपनगरी पट्ट्यातून खासदार म्हणून वॉशिंग्टनला कोण कोण गेलं, कोण किती मतांनी पडलं, दर दहा वर्षांनी नकाशाच्या रेघा कुणी कशा हलवल्या, एवढंच. मास्तरांनी चाळीस वर्षं हायस्कूलमध्ये इतिहास शिकवला होता आणि वीस वर्षं ते आमच्या मतदान केंद्राचे प्रमुख होते. त्यांच्याशिवाय हे काम दुसऱ्या कुणाला सांगणार?

सुरुवातीचे फलक लिहिताना मजाच आली. इथं इतकी वर्षं रिपब्लिकनांनी दगड उभा केला असता तरी निवडून आला असता, आणि दोनदा तर जवळपास दगडच उभा केला होता. एक गृहस्थ सोळा वर्षं वॉशिंग्टनला जाऊन आले आणि तिथं एकदाही तोंड उघडलं नाही. नंतर शहरातली माणसं बागेसाठी आणि शाळेसाठी इकडे राहायला आली, रेल्वेलगत मेपल कोर्टच्या इमारती उठल्या, आणि दगडांचे दिवस भरत आले. मग आलं १९९२. कॉन्स्टन्स यर्कीज ही डेमोक्रॅट बाई उभी राहिली आणि सात मतांनी पडली. दोन लाखांवर मतं पडलेली, फेरमोजणी झालेली, आणि फरक फक्त सात. निवडून आलेला माणूस त्या सात मतांवर दहा वर्षं बसून राहिला.

इतिहास मंडळाच्या चिटणीस लोइस डेटवायलर मजकूर न्यायला आल्या त्या घाईतच. बाई मोठी उरकाची. खुर्चीवर टेकायच्या आधीच त्यांनी विचारलं, "व्हर्नेलचा किस्सा घातलात ना?"

"कुठला?" मास्तरांनी विचारलं. कुठला ते त्यांना पक्कं माहीत होतं.

"आता वेड पांघरू नका हं! उशीरवाली व्हर्नेल! बारा माणसांनी भरलेली चर्चची व्हॅन, दारं बंद झाल्यावर पोहोचलेली, आणि वर तो पिवळ्या रेनकोटातला भुताटकीचा माणूस. अहो, लोक तेवढंच वाचतील. बाकी तुमचे टक्के-बिक्के कोण वाचतंय?"

"ती बाई अजून जिवंत आहे, लोइस."

"मग काय झालं? गंमतच तर आहे. एव्हाना तीही हसत असेल. शुक्रवारपर्यंत द्या, छपाईवाला थांबायचा नाही."

त्या गेल्या. मास्तर बराच वेळ थंड कॉफीकडे बघत बसले. तो पिवळ्या रेनकोटातला माणूस म्हणजे मास्तर स्वतः होते. बत्तीस वर्षांत हे त्यांनी कुणालाही सांगितलं नव्हतं, बायकोलासुद्धा नाही, आणि ती बिचारी जाऊन आता चार वर्षं झाली होती.

आमचं मतदान फायर स्टेशनमध्ये होतं. बंब एका बाजूला सरकवायचे, मधे पडद्यांची मतदानयंत्रं मांडायची, कोपऱ्यात बायकांनी केक आणि प्रेट्झेल विकायला बसायचं. संध्याकाळी आठला दार बंद, पण आठच्या ठोक्याला जो रांगेत असेल त्याला मत देऊ द्यायचं, मग दहा वाजोत की अकरा. म्हणून आठ वाजता केंद्राच्या माणसानं बाहेर जाऊन रांगेतल्या शेवटच्या माणसाच्या पाठीशी उभं राहायचं. तो उभा राहिला की तिथं रांग संपली. त्याच्यामागं जो येईल, त्यानं घरी जायचं. एरवी हे काम कॉन्स्टेबल करायचा. त्या दिवशी तो तापानं फणफणला होता, म्हणून ते मास्तरांवर आलं.

पाऊस पडत होता आणि रांग बंबांच्या दारावरून आडवी गेली होती. आठला दहा मिनिटं कमी असताना भोंगा वाजला. कुठंतरी आग लागली होती. मास्तरांनी खुंटीवरचा कुणा जवानाचा पिवळा रेनकोट अंगावर ओढला, टोपी डोळ्यांवर घेतली आणि बाहेर धावत जाऊन रांगेचं शेपूट बाजूला काढलं. शेपटाला नुकतीच व्हॅनमधून उतरलेली बारा माणसं होती, बहुतेक म्हातारी. सगळ्यांत पुढं हॅट घातलेली एक बाई होती. "मॅडम, यांना घेऊन मागच्या शेडमध्ये थांबा," मास्तर तिला म्हणाले. "बंब गेला की मी स्वतः बोलवायला येतो." बाईंनी मान डोलावली आणि वळून बाकीच्यांना चलायला सांगितलं.

बंब गेला. मास्तर आत आले तर एका यंत्राचा दांडा अडकलेला. दोन्ही पक्षांचे निरीक्षक एकमेकांच्या अंगावर धावून जात होते. त्यांनी रेनकोट खुंटीला लावला, दांडा सोडवला, घड्याळ पाहिलं आणि आठच्या ठोक्याला बाहेर जाऊन रांगेतल्या शेवटच्या माणसाच्या, एका पोस्टमनच्या पाठीशी उभे राहिले.

शेडमधली माणसं त्यांना चार मिनिटांनी आठवली. तिथून नुसतं मागं जाऊन हाक मारायची होती. पण रिपब्लिकनांचा निरीक्षक दारातून रोखून बघत होता, आणि मास्तर जागचे हलले असते तर त्यानं तिथंच आकाशपाताळ एक केलं असतं. मास्तर हलले नाहीत. शेवटी वाट बघून बघून ती बारा माणसं आपणच कोपऱ्यावरून आली, भिजून चिंब झालेली. त्यांना उतरवून गाडीला जागा शोधत लांब गेलेली डेमोक्रॅटांची कार्यकर्ती व्हर्नेल गॅस्किन्सही तेवढ्यात धापा टाकत पोहोचली.

"आठ वाजून दहा मिनिटं झाली आहेत," मास्तर म्हणाले.

"आम्हांला मागं पाठवलं होतं," हॅटवाल्या बाई म्हणाल्या. "पिवळ्या रेनकोटवाल्यानं."

"आमच्यापैकी कुणी कुणाला पाठवलेलं नाही," मास्तर म्हणाले, आणि वाक्य तोंडातून गेलं तसं परत घेता आलं नाही.

खरं तर घेता आलं असतं. इथंच मास्तर स्वतःला सोडत नसत. त्या संध्याकाळी ते घाबरले होते, हे एकवेळ समजू. पण तीन आठवड्यांनी यर्कीजबाईंचे वकील घरी आले, तेव्हा सात मतांचा आकडा सगळ्या गावाला पाठ होता. बारा माणसं म्हणजे काय हे मास्तरांना कळत होतं. तरी त्यांनी प्रतिज्ञापत्रावर सही केली की व्हॅन आठनंतर आली आणि आपण कुणालाही मागं पाठवलं नाही. यर्कीजबाईंचं पुढं काही चाललं नाही. कबूल केलं असतं तर पेपरात नाव आलं असतं, शाळेत तोंड दाखवायला जागा राहिली नसती, आणि पिढ्यान्‌पिढ्या रिपब्लिकन असलेल्या माणसाबद्दल लोक काय बोलले असते ते वेगळंच. मास्तरांनी स्वतःला वाचवलं आणि व्हर्नेलला लोकांच्या तोंडी दिलं. तिच्याच पक्षानं तिला समितीतून काढलं, आणि 'उशीरवाली' हे नाव कायमचं चिकटलं.

गुरुवारी सकाळी मास्तर मेपल कोर्टला गेले.

व्हर्नेल ब्याऐंशीची झाली होती, पण डोळे तसेच धारदार. तिचा मुलगा डेक्स्टर मास्तरांच्या वर्गात होता, त्यामुळे ओळख जुनी.

"या, या मास्तर! वाट चुकलात की काय? डेक्स्टरचा राहिलेला निबंध मागायला आलात असाल तर तो आता आजोबा झालाय."

मास्तर हसले नाहीत. तिनं कॉफी दिली, पाय पसरून बसली आणि त्यांच्या चेहऱ्याकडे पाहिलं. "कोण गेलं?" तिनं विचारलं.

"कुणी नाही. मला ब्याण्णवच्या निवडणुकीबद्दल बोलायचंय."

"झालं! अजून पुरलं नाही वाटतं गावाला? परवा दुकानातली पोरगी मला म्हणते, आजी, तुम्हीच का त्या उशीरवाल्या? ती जन्मलीसुद्धा नव्हती तेव्हा!"

"तुम्हांला उशीर झाला नव्हता," मास्तर म्हणाले. मग थांबले तर बोलता येणार नाही म्हणून त्यांनी सगळं एका दमात सांगितलं. भोंगा, रेनकोट, शेड, ती चार मिनिटं, प्रतिज्ञापत्र. काही गाळलं नाही, आणि 'मी घाबरलो होतो' हेही एकदाच म्हणाले. शेवटी म्हणाले, "हे सगळं मी फलकावर लिहिणार आहे. माझ्या नावासकट. पण आधी तुम्हांला सांगायला हवं होतं."

खाली मुलं सायकली फिरवत होती, त्यांचा गलका वर येत होता. व्हर्नेल ओरडेल, हाकलून देईल अशी मास्तरांची तयारी होती. खरं सांगायचं तर तशी थोडी आशाही होती.

"बत्तीस वर्षं," ती शेवटी म्हणाली. "माझं मी बघून घेतलं असतं हो मास्तर. माझं कातडं जाड आहे. ओला मे आठवते तुम्हांला?"

"कोण?"

"जिला तुम्ही मॅडम म्हणालात ती."

मास्तरांना नाव माहीत नव्हतं. इतक्या वर्षांत त्यांनी ते कधी विचारलंही नव्हतं.

"ओला मे ब्रॉडनॅक्स. जॉर्जियातून लेकीकडे राहायला आली होती, इथलं तिचं पहिलंच मत. एकाहत्तर वर्षांची. रेनकोटवाल्याशी समोरासमोर बोललेली ती एकटीच, आणि त्याची टोपी डोळ्यांवर. बाकीचे तिच्यामागून चालले होते, त्यांना पावसात काय दिसणार? ती म्हणत राहिली, माणूस होता, सभ्य होता, मला मॅडम म्हणाला. सगळ्यांना सांगत राहिली. चर्चमध्ये सांगितलं, वकिलांना सांगितलं. आणि मग तुमचा कागद आला, सही केलेला. मास्तरांची सही! माझ्या पोराला शिकवणारा माणूस. माझंच घड्याळ मागं असेल असं मी धरलं, ओला मेकडे गेले आणि तिला म्हटलं, बाई गं, असं कुणी नव्हतं. तुझं वय झालं. तुला भास झाला असेल."

मास्तरांनी कप खाली ठेवला.

"मी म्हटलं तसं. मी," व्हर्नेल छातीवर बोट आपटत म्हणाली. "मी माझ्या माणसाला खोटं पाडलं आणि तुम्हांला खरं धरलं. मग सगळेच म्हणायला लागले. ओला मेला माणसं दिसतात, ओला मेला एकटीला ठेवू नका. लेक दोन पाळ्यांत काम करायची, ती घाबरली. कुठं गॅस चालू ठेवला, कुठं निघून गेली तर? वसंतात तिनं आईला वृद्धाश्रमात ठेवलं. तिथं पण ओला मे नर्सना तेच सांगायची. दोन वर्षांनी गेली. डोकं शेवटपर्यंत ठणठणीत होतं तिचं, मास्तर. माझ्यापेक्षा चांगलं."

मास्तरांच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. बत्तीस वर्षं त्यांनी सात मतांचा हिशेब मनात घोळवला होता. एक अख्खी बाई त्यांच्या हिशेबात कधी आलीच नव्हती. ते म्हणाले, "मला माफ करा, मिसेस गॅस्किन्स."

"माझ्यापुरतं बघू," व्हर्नेल म्हणाली. "आज नाही. आज मला स्वतःलाच माफ करवत नाहीये." तिनं कागदी रुमालांचा डबा त्यांच्याकडे सरकवला, जरा जोरातच. "तिची लेक पर्लीन इथंच असते. याच मजल्यावर, जिन्यापलीकडचं दुसरं दार. आईला तिथं का ठेवलं म्हणून ती अजून रात्र रात्र जागते. मला सांगते कधीकधी. मी म्हणते, दुसरं काय करणार होतीस तू?"

"तुम्ही याल बरोबर?"

"नाही."

"मी काय सांगू तिला?"

"मला सांगितलंत तेच. आणि जायच्या आधी तोंड धुऊन घ्या. तिथं रडायचं नाही, मास्तर. रडायची पाळी तिची आहे."

मास्तरांनी मोरीत जाऊन तोंड धुतलं, बाहीनंच पुसलं आणि जिना ओलांडून दुसऱ्या दाराची बेल दाबली.