वर्षाचं नाव

“कुणी पाठवलंय तुम्हाला?” छिन्नी खाली न ठेवताच पास्कासियुसने विचारलं.

दारातली बाई हलली नाही. “कोण पाठवणार? नवऱ्याचा दगड बघून आलेय.”

“बघितलात ना? मग घरी जा.”

रोमहून ऑस्टिया बंदराकडे जाणाऱ्या रस्त्यावर पास्कासियुस तीस वर्षं मेलेल्यांची नावं कोरत होता. मेलेली माणसं चुगल्या करत नाहीत, त्यामुळे त्याला कधी कुणाची भीती वाटली नव्हती. पण यंदाचं सालच वाकडं निघालं. रोममध्ये साल ओळखायचं ते त्या वर्षीच्या कॉन्सलच्या, म्हणजे वर्षापुरत्या मुख्य अधिकाऱ्याच्या नावाने, आणि यंदाचा कॉन्सल नेमला होता शहराला वेढा घालणाऱ्या गॉथ टोळ्यांनी गादीवर बसवलेल्या सम्राटाने. मग गॉथांनीच त्या सम्राटाची राजवस्त्रं उतरवली. आता जुन्या सम्राटाच्या लेखी त्याच्या कॉन्सलचं नाव घेणाराही गद्दार, अशी कुजबुज होती. समोरचा चांभार दोनदा म्हणाला होता, “तू तर ते नाव दगडातच घातलंयस की रे!” म्हणाला हसत, पण हसण्याचा काय भरवसा? आज पहाटेच पास्कासियुसने सात कबरींवरून ते नाव तासून टाकलं होतं.

“दादा, मी प्रोयेक्ता. मार्चात तुम्हीच आमच्या ह्यांचा दगड केलात. आज त्यावर वर्षाच्या नावाजागी खळगा पडलाय.”

“असेल. रिकामटेकडे शिपाई फिरतात हल्ली.”

“शिपायाने तेवढंच खरवडलं आणि शेजारचं पान जपलं?”

त्याची छिन्नी थांबली. मजकुराच्या शेवटी तो वेलीचं एक पान कोरायचा, वाकड्या देठाचं; तीच त्याची खूण. तासताना हात आपोआप त्या पानाला वळसा घालून गेला होता.

“चांभाराने पाठवलं असेल, तर त्याला सांगा—”

“खड्ड्यात गेला तुमचा चांभार! मला तर तुम्हीच दरबाराचे हेर वाटत होतात. सकाळपासून दोनदा दारावरून परत गेले.” ती उंबऱ्यावर बसली. “माझा माणूस उपाशी मेला, दादा. आफ्रिकेची धान्याची जहाजं येतील, येतील म्हणत चामडं भिजवून चोखत होता. त्याला ना तो सम्राट ठाऊक, ना हा. पण मेला कधी, एवढं तरी दगडाने सांगावं की नाही? उद्या पोरगी विचारील.”

“ते नाव पुन्हा घातलं तर माझा हात तोडतील. दुसरं घालावं, तर परवा तेही बदलेल.”

“मग नावच नका घालू.”

पास्कासियुसने हातोडी उचलली.

“भरदुपारी कुठे रे?” चांभाराने हटकलं.

“दगड दुरुस्त करायला,” पास्कासियुस म्हणाला. मागे वळून त्याने पाहिलं नाही. पाठीला मात्र ती नजर वळणापर्यंत टोचत राहिली.

खळग्यात अक्षरं दाटीवाटीने बसली. शेवटचा शब्द खाली घसरला.

“काय लिहिलंत?” ओळीवरून बोट फिरवत प्रोयेक्ताने विचारलं.

त्याने वाचून दाखवलं, “आफ्रिकेचं धान्य आलं नाही, त्या वर्षी.”

तिने पदराने दगडावरची भुकटी पुसली. पहाटे छिन्नीची कड लागून पानाचं देठ जरा पुसट झालं होतं. पास्कासियुसने रस्त्याकडे एकदा बघून घेतलं, आणि छिन्नी टेकवून ते वाकडं देठ आणखी खोल केलं.