आजी आणि आईच्या मधली जागा

ज्यूंचं नवं वर्ष लागण्याआधीच्या रविवारी दुब्रिंका मंडळाचे लोक क्वीन्समधल्या कबरस्तानात जमायचे. दुब्रिंका हे त्यांचं पोलंडकडचं गाव. ते आता नकाशातही धड सापडत नाही. पण न्यूयॉर्कला आल्याआल्या गाववाल्यांनी मंडळ काढलं, आजाऱ्यांसाठी डॉक्टर ठेवला आणि मेल्यावर परक्यांत पडायला नको म्हणून ही जमीन घेतली. आता मंडळात जमिनीवरच्यांपेक्षा जमिनीखालचे जास्त होते, आणि भांडत नसल्यामुळे तेच बरे होते.

यंदा बेला रुदरमन नुसती नव्या वर्षाचा मधाचा केक खायला आली नव्हती. तिची भाची मार्सी कॉलेजात गेल्यापासून वंशावळीच्या मागे लागली होती. भला मोठा कागद, त्यावर चौकटीच चौकटी. आजोबांच्या चौकटीत नाव तेवढं, बाकी ठणठणाट.

"मावशी, आजोबांना पुरलं कुठे?"

बेलाला काय ठाऊक! ती चार वर्षांची असताना वडील क्लीव्हलंडला कामाला गेले आणि तिकडेच न्यूमोनियानं वारले, एवढंच आई सांगायची. आणि सांगताना बटाटे असे तावातावानं सोलायची, की पुढे विचारायची कुणाची टाप नव्हती. बेला साठीला आली तरी दर हिवाळ्यात वडिलांच्या नावानं मेणबत्ती लावत होती. पण जन्मदात्याचं थडगं कुठे आहे हेही आपल्याला माहीत नाही, याची तिला फार लाज वाटायची. मरण्याआधी एकदा तरी तिथे जाऊन उभं राहायचं, एवढंच तिच्या मनात होतं.

"घरच्यांनी तोंडाला कुलूप लावलं ना, की मंडळवाल्यांना विचारायचं," मार्सी म्हणाली. "त्यांना सगळं ठाऊक असतं."

मंडळाचे चिटणीस मॉटल झाइचिक घडीच्या खुर्चीवर बसून केक कापत होते. वय चौऱ्याऐंशी, ऐकू कमी यायचं, पण दुसऱ्याच्या घरातलं बरोबर ऐकू यायचं.

"झाइचिककाका, माझ्या वडिलांना कुठे पुरलंय, ठाऊक आहे का हो कुणाला?"

काकांनी सुरी खाली ठेवली. "आत्ता विचारतेस?"

"म्हणजे?"

"म्हणजे, चोवीस वर्षं झाली वाट बघतोय, ही बया एकदाची विचारते कधी म्हणून. चल, हात दे मला."

काका काठी टेकत टेकत तिला तिच्या आईच्या थडग्यापाशीच घेऊन आले. डावीकडे आई, उजवीकडे आजी, मध्ये नुसतं गवत. बेलाचं लग्न झालेलं नव्हतं. ती जागा आईनं आपल्यासाठीच राखलीय असं तिनं धरून ठेवलं होतं, आणि दर वर्षी ती तिथेच सतरंजी टाकून थर्मासमधला चहा प्यायची.

"काका, ही तर माझी जागा."

"तुझी कसली? इथे तुझा बाप लाइझर झोपलाय."

बेला चटकन दोन पावलं मागे सरली.

"न्यूमोनिया कसला डोंबलाचा!" काका म्हणाले. "लाइझर तुझ्या आईच्या हातावर तुरी देऊन डेट्रॉइटला पळाला. नाव बदललं, दाढी काढली. पण तुझी आई कमालीची बाई! आपल्या वर्गणीबरोबर त्याचीही वर्गणी भरायची, इथली त्याची जागा जाऊ नये म्हणून. म्हणायची, पळू दे मेल्याला कुठे पळतो ते. मरताना दुब्रिंकावाल्यांची आठवण होईल, तेव्हा येईल गुमान. आणि तस्संच झालं! ती गेल्यावर पाच वर्षांनी त्याची शवपेटी आगगाडीनं आली. चिठ्ठीत लिहिलं होतं, मला माझ्या लोकांत ठेवा. ठेवला! एका बाजूला बायको, दुसऱ्या बाजूला सासू."

बेलाला आजीची जीभ आठवली आणि ती भर कबरस्तानात खो खो हसली. मग एकदम तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"म्हणजे मी त्याच्या नावानं मेणबत्त्या लावत होते, तेव्हा हा तिकडे जिवंत होता? तिकडे दुसरं घर मांडलं होतं का?"

"ते विचारू नकोस. विचारलंस तर सांगावं लागेल."

"विचारते."

"मांडलं होतं. एक मुलगा आहे. दातांचा डॉक्टर."

"अरे देवा! मार्सीला आणखी एक कागद चिकटवावा लागणार." बेला मटकन आईच्या थडग्याच्या कट्ट्यावर बसली. "आणि तुम्ही सगळे चोवीस वर्षं गप्प बसलात?"

"तुझ्या आईचा हुकूम होता. म्हणाली, त्याच्यावर नावाचा दगड लावू नका. थोरल्या पोरीनं आपणहून बापाची चौकशी केली, तर तिलाच लावू दे. नाही केली, तर पडू दे तसाच."

बेलाला रडू कोसळलं. आईचा राग आला, बापाचा आला, सगळ्यात जास्त स्वतःचा आला. आईचा हात फक्त बटाटे सोलण्यात चालतो असं ती समजत आली होती, आणि तिनं तर सगळं आधीच ठरवून ठेवलं होतं.

काकांनी तिला मनसोक्त रडू दिलं. मग घसा खाकरून म्हणाले, "त्याच्यासाठी कद्दिश, मेलेल्याची प्रार्थना, म्हणायला पाहिजे. पण तिला दहा पुरुष लागतात. आम्ही उरलोय चौघं, त्यातला एक गाडीत झोपलाय. पुढच्या वर्षी कुठून तरी जमवू. तोवर त्याला थांबावं लागेल."

"थांबू दे," बेला नाक पुसत म्हणाली. "आई थांबलीच होती की. दगडाचं मात्र उद्याच सांगून टाका. आईच्या दगडापेक्षा बुटका हवा."