अक्काबाईची फुंकर

"ढास लागली की काळंनिळं पडतंय, बाई. मग श्वासच घेत नाय," बयाबाई सांगत होती. मांडीवर तिचं दोन महिन्यांचं पोर, नाकाला ऑक्सिजनची नळी. शेजारी सासू अक्काबाई उभी. सत्त्याण्णवच्या थंडीत पेठकडची ही माणसं द्राक्षबागेच्या कामाला दिंडोरीला उतरली होती आणि आज तिथून पोराला घेऊन नाशिकच्या सरकारी दवाखान्यात आली होती.

"डांग्या खोकला आहे," मंजुषा सिस्टर म्हणाल्या. "घरात आणखी कुणी खोकतं का?"

"मी खोकते की," अक्काबाई पटकन म्हणाली. "दिवाळीपासनं. पण म्हातारीचा खोकला त्यो, पोराला काय करतोय?"

सिस्टर घुटमळल्या. हे सांगावं की पोटात ठेवावं? पण पालावर आणखी लहान मुलं असणार. सांगणं भाग होतं.

"आजी, मोठ्यांना तो नुसता खोकला असतो. बाळाच्या अंगात त्याच्याशी झगडायची ताकद अजून यायची असते. एका लशीनं ती पुरती येत नाही, तीन घ्याव्या लागतात. याची एकच झाली आहे. खोकला तुमचाच लागला असणार."

अक्काबाईनं जन्मभर पोरंच सांभाळली होती. आधी भावंडं, मग स्वतःची, आता नातवंडं. बाकी सगळे बागेत जायचे, ती पालावर झोळी हलवत बसायची. या कामात तिचा हात धरणारं कुणी नव्हतं आणि त्याचा तिला चांगलाच तोरा होता. रोज दिवेलागणीला ती मीठ-मोहरी ओवाळायची आणि नजर उडून जावी म्हणून नातवाच्या तोंडावर तीनदा फुंकर मारायची. एक दिवस चुकवला नव्हता बिचारीनं.

बयाबाईनं मान वळवून सासूकडं पाहिलं. तिनं चार शिव्या दिल्या असत्या, तर अक्काबाईला सोसलं असतं.

दुपारी पोराला पुन्हा उबळ आली. सिस्टर धावल्या, डॉक्टर धावले. थांबलेला श्वास या वेळी सुरू झाला नाही.

बयाबाईनं हंबरडा फोडला. रडतारडताच तिनं पोर उचललं आणि सासूच्या ओटीत घातलं. दुसरं होतं तरी कोण तिथं? अक्काबाईनं त्याचं टोपडं सारखं केलं, उघडे पाय झाकले. तेवढ्यात तिला खोकल्याची उबळ आली.

तिनं घाईघाईनं तोंड भिंतीकडं फिरवलं, पोरापासून नेता येईल तितकं लांब नेलं, आणि मगच खोकली.